आयएएम रोलची यादी कशाने काढावी? गोव्यातल्या छोट्या टीमसाठी तुलना

पावसाळ्यात कळंगुट-बागाकडची हॉटेलं निवांत असतात, आणि त्यांचं बुकिंग सांभाळणाऱ्या पणजी-पर्वरीतल्या टीमना एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) खातं साफ करायला सवड मिळते. साफ करायचं म्हणजे नको ते आयएएम रोल काढायचे: आयएएम हा खात्यातल्या परवानग्या सांभाळणारा भाग, आणि रोल म्हणजे माणसाने किंवा प्रोग्रामने कामापुरती घ्यायची, ठरावीक परवानग्या असलेली ओळख. घोळ इथेच होतो. ऑगस्टमध्ये काढलेल्या यादीत ख्रिसमसच्या गर्दीपुरता लागणारा रोल 'नव्वद दिवस वापर नाही' असा दिसतो, कुणीतरी तो उडवतो, आणि डिसेंबरात चॅनल मॅनेजरला (बुकिंग साइटना दर कळवणाऱ्या सॉफ्टवेअरला) खोल्यांचे दर मिळेनासे होतात. म्हणून साधन निवडताना आधी हे बघा: शेवटच्या वापराची तारीख ते दाखवतं का, आणि किती मागची? एडब्ल्यूएस स्वतः ही माहिती ४०० दिवस ठेवतं, म्हणजे एक आख्खा सीझन त्यात मावतो.

तीस-चाळीस रोल असतील तर कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधलं एडब्ल्यूएसचं पान, पुरे. आयएएममधल्या 'रोल्स' पानावर नाव, रोल कोण घेऊ शकतो आणि शेवटची हालचाल अशा तिन्ही गोष्टी एका ओळीत दिसतात. आजचा वापर तिथे उमटायला काही तास लागू शकतात, तेवढं धरून चाला. क्रेडेन्शियल रिपोर्टच्या (पासवर्ड आणि की यांच्या तयार यादीच्या) नादी मात्र लागू नका. त्यात फक्त युजर येतात, रोल येतच नाहीत.

कमांड लाइनवर बहुतेकांचा हात आधी लिस्ट-रोल्सकडे जातो. ती झटपट चालते, पण शेवटच्या वापराची तारीख, टॅग (रोलला लावलेली लेबलं) आणि परमिशन बाउंडरी (रोलच्या परवानग्यांची कमाल मर्यादा) देत नाही. त्यासाठी प्रत्येक रोलवर गेट-रोल वेगळं चालवावं लागतं. रोल शेकड्यांनी असतील तर हे लूप थ्रॉटलिंगमध्ये अडकतं, म्हणजे फार भराभर विचारल्यामुळे एडब्ल्यूएस उत्तरं नाकारतं; मध्ये थोडं थांबत चालवावं लागतं. दुसरा सापळा मोजणीचा. आउटपुट टेक्स्ट ठेवून क्वेरीत लांबी विचारली, की क्वेरी दर पानाला वेगळी चालते आणि एका पानात १०० रोल असतात. १३० रोलच्या खात्यात उत्तर १३० न येता १०० आणि ३० असे दोन आकडे छापले जातात. आउटपुट जेसन ठेवलं की उत्तर बरोबर येतं.

आमचं मत विचाराल तर बहुतेक छोट्या टीमनी गेट-अकाउंट-ऑथरायझेशन-डिटेल्स ही कमांड वापरावी, फिल्टरमध्ये 'रोल' देऊन. ट्रस्ट पॉलिसी (रोल कोण घेऊ शकतो ते), इनलाइन पॉलिसी (रोलमध्येच लिहिलेल्या परवानग्या), टॅग, शेवटचा वापर, सगळं एका फाइलीत येतं. मॅनेज्ड पॉलिसींची (वेगळ्या ठेवून रोलला जोडलेल्यांची) मात्र फक्त नावं येतात. त्यातल्या तुम्ही बनवलेल्यांचा आतला मजकूर हवा असेल तर फिल्टरमध्ये लोकल मॅनेज्ड पॉलिसीही जोडा. हीच फाइल क्लाउडस्प्लेनिंग या परवानग्या तपासणाऱ्या साधनाला दिली की जास्तीच्या परवानग्यांचा एचटीएमएल अहवाल तयार होतो. ऑडिटवाल्याच्या हाती नुसती जेसन ठेवण्यापेक्षा ते बरं.

फाइल आली की आधी पाथ (रोलच्या नावाआधी येणारा भाग) बघून गाळणी लावा. 'एडब्ल्यूएस-सर्व्हिस-रोल' पाथवरचे रोल त्या त्या सेवेचे असतात. ती सेवा वापरात असेपर्यंत ते काढता येत नाहीत. 'एडब्ल्यूएस-रिझर्व्ह्ड' पाथवरचे रोल सिंगल साइन-ऑनमधून येतात आणि ते बदलायचे तर तिथूनच. पण नुसता 'सर्व्हिस-रोल' असा पाथ दिसला तर तो रोल तुमचाच आहे, कन्सोलने लॅम्डासारख्या सेवेसाठी तुमच्या नावे करून दिलेला. नावातल्या साम्यामुळे हे रोल गाळणीत निघून जातात आणि वर्षानुवर्षं तसेच राहतात. मग ट्रस्ट पॉलिसी वाचा. युजर किंवा रोलच्या एआरएनऐवजी (एडब्ल्यूएसमधल्या पूर्ण पत्त्याऐवजी) 'एआयडीए' किंवा 'एआरओए'ने सुरू होणारा आयडी असेल, तर ज्याच्यावर विश्वास टाकला होता तो युजर किंवा रोल केव्हाच काढून टाकलेला आहे. बाहेरच्या विक्रेत्याच्या खात्याला दिलेल्या रोलमध्ये एक्स्टर्नल आयडीची (विक्रेत्याने रोल घेताना द्यायच्या ठरलेल्या खुणेची) अट नसेल, तर ते काम आजच हातात घ्या.

स्टीमपाइप हे क्लाउडची माहिती एसक्यूएलने विचारू देणारं साधन. खाती तीन-चारच्या वर गेली की ते घ्यावं. मडगावचं एक हॉटेल, वेर्ण्याचा एक कारखाना, प्रत्येकाचं खातं वेगळं, असा कारभार असेल तर एकाच एसक्यूएल क्वेरीत सगळ्यांचे रोल आणि शेवटच्या वापराची तारीख मिळते. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी सोय) लागतं. 'सिलेक्ट स्टार' (सगळे रकाने मागणारी क्वेरी) लिहू नका. काही रकाने भरायला प्रत्येक रोलमागे वेगळा कॉल जातो आणि थ्रॉटलिंग पुन्हा सुरू होतं. हवे तेवढेच रकाने मागा.

राहिला एडब्ल्यूएसचाच ॲक्सेस ॲनालायझर. बाहेरच्या खात्यांना दिलेला प्रवेश तो फुकट दाखवतो, पण त्यासाठी प्रत्येक रीजनमध्ये (एडब्ल्यूएसच्या डेटा सेंटरच्या भागात) वेगळा ॲनालायझर बनवावा लागतो. न वापरलेल्या परवानग्या शोधणारा प्रकार विकतचा आहे, दर रोल किंवा युजरमागे महिन्याला ०.२० डॉलर. साठांचे १२ डॉलर. हा एकाच रीजनमध्ये बनवा. मुंबईत एक आणि हैदराबादेत एक असे दोन केले तर निष्कर्ष तेच येतील आणि बिल दुप्पट. किती दिवस वापर नसला की नोंद करायची, ती मुदत न बदलता बनवला तर ती ९० दिवसांची असते, म्हणजे गोव्यासाठी नेमकी चुकीची. मुदत बनवतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. म्हणून सुरुवातीलाच वाढवून घ्या आणि सीझनच्या रोलसाठी आर्काइव्ह रूल (ठरावीक निष्कर्ष आपोआप बाजूला ठेवणारा नियम) लावा.

साधन कोणतंही घ्या, चालवणाऱ्याला ॲडमिन परवानगी देऊ नका. यादी काढायला सिक्युरिटीऑडिट ही तयार पॉलिसी पुरते. रीडओन्लीॲक्सेस नको, त्यातून एसथ्री या फाइल-साठवणीतल्या फाइलीही वाचता येतात.

आणि संशयित रोल थेट डिलीट करू नका. त्याला एडब्ल्यूएसडिनायऑल ही सगळं नाकारणारी पॉलिसी जोडा आणि नाताळ-नववर्ष उलटेपर्यंत थांबा. काही अडलं तर पॉलिसी काढली की रोल पूर्ववत चालतो. डिलीट केलेला रोल त्याच नावाने पुन्हा बनवला तरी त्याचा आतला आयडी नवा असतो, आणि जिथे जिथे त्या जुन्या रोलचं नाव पॉलिसीत प्रिन्सिपल (ज्याला परवानगी दिली तो) म्हणून दिलं होतं, तिथे परवानगी पुन्हा लिहीत बसावं लागतं.