एकाच वस्तुमानाचे लिपिड वेगळे ओळखताना: टँडम मास स्पेकसोबतचे अकरा महिने

लिपिडचे आयसोमर, म्हणजे सूत्र तेच पण रचना वेगळी असलेले रेणू, ओळखण्यासाठी टँडम मास स्पेक (निवडलेला आयन तोडून तुकड्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) वापरायला लागून मला अकरा महिने झाले. आमचं यंत्र क्वाड्रुपोल-टाइम ऑफ फ्लाइट प्रकारचं आहे आणि त्याच्या आधी लिपिड एकमेकांपासून वेगळे करणारा रिव्हर्स फेज कॉलम आहे. सुरू करताना माझी समजूत अशी होती की आयन निवडला, तोडला, तुकडे मोजले की रेणू कळला. ती समजूत पहिल्याच आठवड्यात ढासळली.

पॉझिटिव्ह मोडमध्ये, म्हणजे धनभारित आयन मोजताना, ७६०.५८ चा आयन घेतला. हा पीसी ३४:१, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन, दोन्ही मेदाम्ल साखळ्या मिळून ३४ कार्बन आणि एक दुहेरी बंध. तोडल्यावर स्पेक्ट्रममध्ये १८४.०७ चं एकच पीक ताठ उभं, बाकी सगळं जमिनीलगत. १८४.०७ म्हणजे फॉस्फोकोलीनचं डोकं. साखळ्या १६:० आणि १८:१ आहेत की १४:० आणि २०:१, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही. अनेक जण इथेच थांबतात आणि डेटाबेस सुचवेल ते नाव उतरवून घेतात. कृपया तसं करू नका.

निगेटिव्ह मोडमध्ये मात्र हे तंत्र मनापासून आवडतं. फॉर्मेट जोडलेला ८०४.५८ चा आयन तोडला की आधी ७४४.५५ दिसतो, ऊर्जा वाढवली की २५५.२३ आणि २८१.२५. पहिला पामिटेट (१६:० चं कार्बोक्सिलेट), दुसरा १८:१ चं कार्बोक्सिलेट. साखळ्या कोणत्या, याचं उत्तर इथे जवळजवळ नेहमी स्वच्छ मिळतं. एकच सांभाळा: २८०.२४ ला छोटं पीक दिसलं तर सावध व्हा. पीसी ३४:२ मध्ये दोन जड कार्बन (कार्बन-१३) आले की त्याचं वस्तुमान ३४:१ च्या इतकं जवळ येतं की निवडीच्या खिडकीतून दोघेही आत शिरतात, आणि त्या पाहुण्याचं लिनोलिएट (१८:२ चं कार्बोक्सिलेट) एक जड कार्बन घेऊन २८०.२४ ला दिसतं. दोन जड कार्बनवालं २८१.२४ ला येतं आणि तुमच्या १८:१ च्या पिकात मिसळतं. सलग दोन महिने मी ते २८०.२४ नॉइज समजून सोडून देत होतो, आणि त्या काळातले १८:१ चे आकडे पुन्हा काढावे लागले.

आता साखळ्यांच्या जागेबद्दल. ग्लिसरॉलच्या कण्यावर टोकाच्या जागी (एसएन-१) कोण आणि मधल्या जागी (एसएन-२) कोण? पीसीमध्ये एसएन-२ वरच्या साखळीचं कार्बोक्सिलेट सहसा उंच येतं, हे खरं आहे. पण ते उंचीचं गुणोत्तर टक्कर-ऊर्जेबरोबर बदलतं, यंत्रागणिक बदलतं आणि लिपिडच्या वर्गागणिकही बदलतं. शिवाय नमुन्यात दोन्ही रचना एकत्र असू शकतात. विकत घेतलेलं स्टँडर्डही (रचना माहीत असलेला संदर्भ नमुना) याला अपवाद नाही. आमच्या स्टँडर्डवर एसएन-२ चीच साखळी कापणारं फॉस्फोलायपेज ए२ हे एंझाइम चालवलं, तेव्हा उलट रचनेचा थोडा अंश त्यातही निघाला. म्हणून दोन्ही रचनांची स्टँडर्ड ठरावीक प्रमाणात मिसळून त्याच दिवशी, त्याच ऊर्जेवर कॅलिब्रेशन केल्याशिवाय मी आता जागेबद्दल काहीही लिहीत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो दुहेरी बंधावर, आणि गेल्याचं समाधान आहे. साध्या टक्करीत कार्बन-कार्बन दुहेरी बंध तुटत नाही, त्यामुळे ओलेइक आणि सिस-व्हॅक्सेनिक दोघेही २८१.२५ वर निमूट बसतात. पेशीत मात्र त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. ओलेइक (एन-९, म्हणजे दुहेरी बंध साखळीच्या शेपटाकडून नवव्या कार्बनवर) स्टिअरिकमध्ये दुहेरी बंध घालून तयार होतं, व्हॅक्सेनिक (एन-७) पामिटोलेइकची साखळी दोन कार्बनांनी लांबवून. दोघांची बेरीज लिहिली की कोणती वाट चालू आहे ते पुसलं जातं.

आम्ही पाटर्नो-ब्यूखी अभिक्रिया निवडली. ती १९०९ पासून माहीत आहे, लिपिडसाठी मास स्पेकला जोडून ती २०१४ मध्ये शियाओशियाओ मा आणि यू शिया यांनी मांडली. ॲसिटोन मिसळलेला नमुना २५४ नॅनोमीटरच्या दिव्यासमोरून न्यायचा. ॲसिटोन दुहेरी बंधावर बसून चौकोनी वलय करतं, वस्तुमान ५८.०४ ने वाढतं. मग टक्कर दिली की ते वलय दुसऱ्या बाजूने उघडतं आणि साखळी नेमकी बंधाच्या जागी तुटते.

कागदावर सोपं, हातात नाजूक. सिलिकाच्या केशनळीवरचं तपकिरी पॉलिइमाइड हा प्रकाश अडवतं, म्हणून तेवढा भाग ज्योतीवर जाळून मिथेनॉलने पुसावा लागतो. उघडी नळी बोटाच्या हलक्या दाबाने तुटते, तेव्हा आधी दिव्यासमोर बसवा, मग जोडण्या आवळा. दिवा पूर्ण झाकूनच लावा, ॲसिटोनची वाफ ओढून घेणारी हवा चालू ठेवा. रूपांतर फार तर अर्ध्याच्या आसपास होतं, म्हणजे विरळ लिपिडसाठी नमुना जास्त लागतो.

पहिल्यांदा ८१८.६३, म्हणजे ॲसिटोन बसलेला ७६०.५८, तोडला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. १८४ च्या सावलीत ६५०.४ आणि ६७६.५, बरोबर २६ चं अंतर. एन-९. खूप मोठं करून पाहिलं तर उजवीकडे आणखी एक बुटकी जोडी, ६७८.५ आणि ७०४.५. एन-७. कॉलमवरून एकच गोल पीक म्हणून उतरलेल्या त्या लिपिडमध्ये दोघेही होते. इतके महिने मी त्याला एकच रेणू म्हणत आलो होतो.

सिस की ट्रान्स, हे या पद्धतीने कळत नाही. ग्लुकोजवाला सेरामाइड आणि गॅलॅक्टोजवाला सेरामाइड यांच्यासाठीही आम्ही तुकड्यांवर विसंबत नाही, कॉलमवरच वेगळे करतो. उलट बीएमपी (बिसमोनोअ‍ॅसिलग्लिसरोफॉस्फेट) आणि पीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल) ही एकाच वस्तुमानाची जोडी निगेटिव्हमध्ये छळते पण पॉझिटिव्हमध्ये चटकन सुटते: दोन्ही साखळ्या १८:१ असतील तर अमोनियम जोडलेला ७९२.५७ तोडा, पीजी असेल तर ६०३.५३, बीएमपी असेल तर ३३९.२९.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिला महिना फक्त स्टँडर्डवर घालवावा आणि नावं लिहिताना चिन्हं जपावीत. १६:०_१८:१ म्हणजे साखळ्या कळल्या, १६:०/१८:१ म्हणजे जागाही सिद्ध झाली. मागच्या महिन्यात माझे जुने तक्ते पुन्हा उघडले आणि एकेक तिरकी रेघ काढून तिथे अधोरेषा घातली. शेवटी तिरकी रेघ दोनच नावांत उरली, आणि त्या दोन्हींचं कॅलिब्रेशन तक्त्याला जोडलेलं आहे.