ब्यूटी अँड द बीस्ट, वाढीव आवृत्तीची डीव्हीडी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा डीव्हीडी प्लेअर श्रावणात बिघडला. बंद नाही पडला, एका ठरावीक जागी येऊन अडकायला लागला. ती जागा कोणती, यावरून घरात जे रामायण झालं त्याने एका गोष्टीबद्दलचं माझं मत पार फिरलं. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

डिस्क जुनी आहे, डिस्नेच्या ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या कार्टून सिनेमाची २००२ ची प्लॅटिनम आवृत्ती. भावाने तेव्हा अमेरिकेहून आणली होती. इतकी वर्षं माळ्यावरच्या खोक्यात पडून होती, ती गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत सापडली. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही; एवढंच की शापाने पशू झालेला राजपुत्र बीस्ट, वस्तू झालेले त्याचे नोकर आणि त्याच्या वाड्यात कैद झालेली पुस्तकवेडी बेल. या डिस्कवर तो तीन तऱ्हांनी बघता येतो: १९९१ ला थिएटरात लागला तो मूळ, न्यूयॉर्कच्या महोत्सवात अर्धवट रेखाटनांसह दाखवला होता तो कच्चा, आणि २००२ च्या जानेवारीत आयमॅक्सच्या अवाढव्य पडद्यासाठी केलेला वाढीव. वाढीवमध्ये ‘ह्यूमन अगेन’ हे आधी कापलेलं गाणं नव्याने चितारून घातलंय. साधारण सहा-सात मिनिटांची भर.

मी पहिल्या दिवशी वाढीवच लावला. जास्तीचं आहे तर कमी का बघायचं, हा माझा सरळ हिशोब. लेकीला सवयही त्याचीच लागली. आठवड्यातून एकदा, आजारपणात रोज, असं धरलं तरी चाळीसेक वेळा तरी झाला असेल.

पहिले सात-आठ महिने माझं मत पक्कं होतं की हे गाणं इथे नको होतं. कारण डोळ्यांसमोर दिसत होतं. ‘बी अवर गेस्ट’ हे गाणं चालू असताना लेक जागची हलत नाही, हातातला लाडू तसाच राहतो. ‘ह्यूमन अगेन’ सुरू झालं की उठते, पाणी पिते, मांजर खिडकीत आलंय का बघते. गाणं वाईट नाही. मेणबत्तीचा लुमिएर, घड्याळाचा कॉग्सवर्थ, चहाची किटली मिसेस पॉट्स आणि ते थोरलं कपाट, सगळे मिळून वाडा घासूनपुसून काढतात आणि पुन्हा माणूस झालो की काय काय करू ते गातात. पण त्याच्या आधीच ‘समथिंग देअर’ हे गाणं झालेलं असतं. बर्फातली पाखरं, चमचा धरता येत नाही म्हणून ओशाळलेला बीस्ट, आणि ते बघून बेल स्वतःचा चमचा खाली ठेवते आणि वाडगा उचलून तोंडाला लावते, मग दोघं तसेच पितात. सगळं सांगून झालंय तिथे. शेवटी किटलीचा मुलगा, कप झालेला चिप, विचारतो, काय गं आई, काय आहे तिथे? आणि किटली म्हणते, मोठा झालास की सांगेन. मूळ सिनेमात यापुढे थेट बीस्टची अंघोळ आणि नाचाची तयारी येते. इतका नेमका सांधा उकलून मध्ये सहा मिनिटांचं गाणं घालायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं.

शिवाय हे गाणं कापलं होतं ते उगीच नाही. मुळात ते बरंच लांब होतं आणि त्यात ऋतू सरताना दिसायचे. आता वाड्यात महिनोन्‌महिने गेले म्हटल्यावर बाकीच्यांचं काय? बेलचे बाबा तिला शोधायला एकटे बर्फात निघालेत, ते इतके महिने जंगलात काय करतायत? आणि लफू, बेलशी लग्न करायला टपलेल्या गॅस्टनचा चेला, त्याला बेलच्या घराबाहेर पहारा ठेवायला सांगितलंय, तो बर्फात उभाच. त्यामुळे दिग्दर्शक गॅरी ट्राउसडेल आणि कर्क वाइज यांना हे गाणं गोष्टीत बसवता आलं नाही, आणि त्याच्या जागी ‘समथिंग देअर’ आलं. आमच्याकडे तर लेकीनेच एकदा विचारलं, “आई, तो माणूस अजून बर्फातच उभा आहे? एवढा मोठा वाडा झाडून झाला तरी?” सहा वर्षांच्या पोरीला जे खटकतं ते बनवणाऱ्यांना खटकणारच. तेव्हा माझा निकाल लागला होता: कापलं ते बरोबर, परत घातलं ते चूक.

आता इथे एक कबूल करायला हवं. ही सहा मिनिटं म्हणजे माझी कुकर लावायची वेळ. लेक उठली की मीही उठायचे. म्हणजे चाळीस वेळा सिनेमा लावला, त्यातला हा भाग मी धड दोनदाही बसून पाहिलेला नव्हता. आणि लेक मात्र पाणी पिऊन परत येऊन बसायची, तेव्हा मी आत फोडणीत असायचे.

श्रावणात प्लेअर अडकायला लागला तो बरोबर इथे. चिपचा प्रश्न झाला की चित्र गोठायचं, चौकोन चौकोन दिसायचे, मग निळा पडदा. डिस्क पुसली, पुन्हा पुसली, लेन्स साफ करायची डिस्क आणली. काही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला तर नुसता उघडून बघायचे साडेतीनशे घेतले आणि सांगितलं, “मॅडम, याचे पार्ट येत नाहीत आता, नवीन घ्या.” मी विचारलं, नवीनवर अमेरिकेच्या रीजनची, म्हणजे तिकडच्या प्लेअरसाठी बनलेली, डिस्क चालेल का? त्यावर कोणालाच धड उत्तर देता येईना. “घेऊन बघा.” घेऊन बघा म्हणजे काय? तीन हजार घालायचे आणि माझीच डिस्क चालली नाही तर? साडेतीनशेची पावती मागितली तर तीही दोनदा मागावी लागली. मी प्लेअर उचलून घरी आणला.

तोवर लेकीला म्हटलं, अगं, मूळचा लावू, तो नीट चालतो. आणि खरंच चालला, कुठेही न अडकता. चिपचा प्रश्न, किटलीचं उत्तर, अंघोळ. मला तर बरंच वाटलं, किती सुटसुटीत. लेक मात्र ताडकन उठून बसली. “वाचायचं राहिलं!”

“काय वाचायचं?”

“त्याला वाचता येत नाही ते. ते दाखवलंच नाही.”

मी समजावलं की सिनेमा तोच आहे, थोडा लहान केलाय. पटेना. डोळ्यांत पाणी. नाच सुरू झाला तरी तोंड फुगलेलं. या पोरीला ते गाणं नको होतं हे मला माहीत होतं, मग हे कसलं दुःख, ते मला कळेना.

प्लेअर शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्त करणारे एक काका बसतात त्यांनी केला. लेन्स बदलली, साडेचारशे रुपये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. त्यांनी कारणही समजावून सांगितलं: सिनेमाचा बहुतेक भाग डिस्कवर एकदाच असतो, वाढीव तुकडा वेगळ्या जागी असतो, तिथे लेन्सला उडी मारावी लागते, आणि थकलेल्या लेन्सला ती झेपत नाही. ज्याच्याकडे अशी दोन-तीन आवृत्त्यांची डिस्क असेल आणि प्लेअर एकाच जागी अडकत असेल, त्याने नवीन घेण्याआधी लेन्स बदलून बघावी.

त्या रात्री मी कुकर आधीच लावून ठेवला आणि तो भाग पहिल्यांदा नीट बसून पाहिला.

गाण्याच्या ओघात एक छोटासा प्रसंग गुंफलाय. बेल बीस्टला ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ वाचून दाखवत असते. संपतं. तो म्हणतो, पुन्हा वाचशील? ती पुस्तक त्याच्याकडे देते, तूच वाच की. तो घेतो, बघत राहतो आणि म्हणतो, मला येत नाही. शिकलाच नाहीस का? शिकलो होतो थोडं, पण फार वर्षं झाली. ती म्हणते, चल, मी मदत करते, इथून सुरू करू. आणि तो पहिल्याच शब्दावर अडखळतो. टी, डब्ल्यू, ओ. तो म्हणतो, “ट्वो...?” ती म्हणते, “टू.” “टू! माहीत होतं मला,” असं म्हणून तो पुढे वाचायला लागतो.

माझी लेक जूनमध्ये पहिलीत गेली. मराठी माध्यम, पण इंग्रजी पहिलीपासून आहेच. आकड्यांचं पान आलं तेव्हा ‘वन’ घडाघडा पाठ होतं, आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तिने वाचलं, “ट्वो.” मी म्हटलं, टू. ती म्हणाली, मग डब्ल्यू कशाला लिहिलाय? मराठीत जे लिहितो ते वाचतो, हेच तिला आत्ता कुठे जमायला लागलेलं. मी त्या दिवशी घाईत होते. “असंच असतं, पाठ कर,” म्हणून मोकळी झाले. आणि इकडे पडद्यावर तो एवढा शिंगंवाला, सगळा वाडा ज्याला घाबरतो, तोही त्याच शब्दाला तसाच अडला होता, आणि कोणी त्याला पाठ कर म्हटलं नव्हतं. हे तिने कितीदा पाहिलं असेल, मी आत फोडणीत असताना.

मग मी मूळ सिनेमा पुन्हा लावून या नजरेने पाहिला, आणि माझे आधीचे मुद्दे एकेक करून ढिले पडले. सुरुवातीलाच गॅस्टन बेलच्या हातातलं पुस्तक हिसकावतो, यात चित्रंच नाहीत, वाचतेस कसं म्हणतो, चिखलात फेकतो, वर बाईने वाचणं बरं नव्हे हेही ऐकवतो. पुस्तकाला तुच्छ लेखणारा पुरुष गोष्टीत एवढा ठसठशीत उभा केलाय, त्याच्यासमोर दुसरा काय करतो? मूळ आवृत्तीत तो तिला सबंध ग्रंथालय देतो. भव्य आहे, पण ते देणं राजाचं आहे, ज्याच्याकडे आहे तो देतो. ‘मला येत नाही’ हे म्हणायला मात्र त्याला स्वतःचं काहीतरी खाली ठेवावं लागतं. वाडग्याचा प्रसंग मी याच्या तोडीचा धरला होता. पण तिथे ती त्याला सांभाळून घेते, त्याला तोंडाने काही कबूल करावं लागत नाही. इथे लागतं.

आणि ‘फार वर्षं झाली’ हे हिशोबातही बसतं. शापाची मुदत दाखवणारा गुलाब त्याच्या एकविसाव्या वर्षापर्यंत फुलणार असं सुरुवातीला सांगितलंय, आणि ‘बी अवर गेस्ट’मध्ये लुमिएर म्हणतो की दहा वर्षं आम्ही गंजत पडलोय. म्हणजे शाप लागला तेव्हा तो अकरा वर्षांचा पोर. थोडं शिकलेला, मग सुटलेलं. हा हिशोब खटकतो म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच होते. पण या वाचनाच्या प्रसंगात तोच हिशोब मनाला भिडतो.

गाण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. लफू बर्फात उभा आहे तो आहेच. ते परत का घातलं असेल हे समजू शकते. हॉवर्ड ॲशमनने शब्द लिहिले, ॲलन मेंकनने चाल दिली. ॲशमन तेव्हा एड्सने आजारी होता, १४ मार्च १९९१ ला गेला, पूर्ण झालेला सिनेमा त्याने पाहिला नाही. जलपरीला आवाज आणि बीस्टला आत्मा देणारा मित्र, असं म्हणून सिनेमाच्या शेवटी त्याला अर्पणपत्रिका आहे (जलपरी म्हणजे ‘द लिटल मर्मेड’, त्याची गाणीही त्याचीच). त्याचं लिहिलेलं एक गाणं पेटीत पडून आहे हे त्याच्या सोबत्यांना लागलं असणार. १९९४ ला ब्रॉडवेच्या नाटकात मेंकनने ते आटोपशीर करून घेतलं आणि तिथे ते बसलं, कारण नाटकाला तेवढा वेळ असतो. ८४ मिनिटांच्या सिनेमाला नसतो.

सगळेच कापलेले तुकडे परत यावेत असंही मी म्हणणार नाही. ‘द लायन किंग’च्या २००३ च्या डिस्कवर झाझू या पक्ष्याचं सकाळच्या बातम्यांचं गाणं घातलं होतं. तिथे मूळचं गंमतीदार बोलणं घालवून गाणं आलं आणि सिंहाचा छावा सिंबा दबा धरायला शिकतो ती मजा पातळ झाली. २०११ च्या ब्लू-रेवर ते सिनेमातून काढलं, बरंच केलं. उलट ‘स्नो व्हाइट’मध्ये सात बुटके हातपाय धुऊन सूप प्यायला निघतात आणि सूप पिताना कधीच दिसत नाहीत. डिस्नेकडच्या वॉर्ड किंबल या चित्रकाराने तो प्रसंग मेहनतीने चितारला होता, वॉल्ट डिस्नेने गोष्ट रेंगाळते म्हणून कापला. वाईट वाटून किंबल नोकरी सोडायच्या विचारात होता, तेव्हा डिस्नेने त्याला ‘पिनोकिओ’मधलं जिमिनी क्रिकेट हे पात्र चितारायला दिलं. आमच्याकडे अजून प्रश्न येतो, “मग सूप कोणी प्यायलं?” तरी मी तो प्रसंग परत मागणार नाही. मुलं उपाशी बुटक्यांची काळजी करतात आणि विसरतात. न वाचता येण्याची लाज ती विसरत नाहीत.

तर डिस्कबद्दल: चित्र आजही उत्तम, आवाज चांगला, खोक्याची कड फाटलीय तेवढीच. आता आम्ही मूळ सिनेमा लावतो. किटली चिपला ‘मोठा झालास की सांगेन’ म्हणाली की लेक थांबवते, मेन्यूत जाते, वाढीव आवृत्तीतलं ते गाणं काढते, पुढे पळवत वाचनापर्यंत आणते, ते संपलं की परत मूळावर. रिमोटची अकरा बटणं लागतात, मोजलीयत. पुढे ढकलायचं बटण त्यामुळे आताशा जोरात दाबावं लागतं. काकांकडे चालणारा रिमोट दीडशेला आहे म्हणे, शनिवारी आणेन.