ईपॅनेट: जुन्या पाणीयोजनेचा निधी मागण्याआधी

छोट्या शहराच्या जुन्या पाणीयोजनेसाठी निधी मागायला बसलं की पहिला वाद ठरलेला असतो: आधी बदलायचं काय? ज्याच्या नळाला फोर्स नाही त्याला आपल्याच गल्लीची लाइन बदलून हवी असते, बाकीच्यांना नवी उंच टाकी. पैसे दोन्हीला पुरत नाहीत. असे प्रस्ताव तयार करणं हे माझं कामच आहे आणि त्यासाठी मी ईपॅनेट वापरतो. पाइपांच्या जाळ्यात पाणी कसं वाहतं आणि कुठे किती दाब राहतो याचं गणित करणारं, अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने १९९३ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर. पूर्ण फुकट, आणि कितीही मोठं जाळं मांडा, त्याची ना नाही.

दिसायला अगदी जुन्या विंडोजच्या जमान्यातलं. सुरुवातीलाच प्रवाहाचं एकक जीपीएमवरून (गॅलन दर मिनिटाला) एलपीएस (लिटर दर सेकंदाला) करून घ्या, नाहीतर लांबी फुटांत आणि व्यास इंचांत जातो. नकाशावरून पाइपची लांबी आपोआप मोजणारी ऑटो-लेंग्थही चालू करा. ती मुळात बंद असते, आणि नकाशावर बोटभर काढलेला पाइपसुद्धा १००० लांबीचा धरला जातो.

खरी मजा सी-व्हॅल्यूत आहे. हेझन-विल्यम्स सूत्रातला हा आकडा पाइप आतून किती गुळगुळीत ते सांगतो. नव्या बिडाच्या पाइपला साधारण १३० धरतात. आत गंजाच्या गाठी चढल्या की तो ८० पर्यंतही घसरतो. एवढा एकच आकडा बदलून पुन्हा रन करा: पाणी तेवढंच, पण हेडलॉस, म्हणजे घर्षणात वाया जाणारा दाब, जवळजवळ अडीचपट. आता सी-व्हॅल्यू तीच ठेवून १०० मिमीच्या जागी १५० मिमी टाका, हेडलॉस साधारण सातव्या हिश्शावर येतो. पाइपांना हेडलॉसप्रमाणे रंग दिले की दाब कुठे खाल्ला जातोय ते लगेच दिसतं. कधी कधी तक्रारवाल्या गल्लीची लाइन ठीक असते आणि टाकीजवळचा अरुंद तुकडा गुन्हेगार निघतो. अशा वेळी प्रस्तावाचा आकडा उतरतो आणि नव्या टाकीचा आग्रहही.

२०२० ची २.२ आवृत्ती किंवा त्यानंतरचीच घ्या. आधीच्या आवृत्त्या नोंदवलेली मागणी कागदावर काहीही करून पुरी करत. दाब उणे गेला तर ‘निगेटिव्ह प्रेशर्स’ असा इशारा देऊन मोकळ्या होत. २.२ मध्ये दाब कमी तर पाणीही कमी, असा हिशोब करता येतो. मात्र हायड्रॉलिक्सच्या पर्यायांत जाऊन डिमांड मॉडेल ‘पीडीए’ (दाबानुसार पाणी) करावं लागतं. ते आपोआप होत नाही.

पाइप-टाकी बदलण्याच्या खर्चाचा हिशोब यात नाही, तो वेगळ्या एक्सेलमध्ये. पाइप सदैव भरलेलेच आहेत असं हे सॉफ्टवेअर मानतं, त्यामुळे ठरावीक तास पाणी सोडणाऱ्या योजनेत रिकामी लाइन कशी भरत जाते ते यातून कळत नाही. आणि माहिती तुम्ही द्याल तशीच. जुन्या नकाशावर १५० मिमी लिहिलेलं असतं. जमिनीत खरं काय आहे आणि कुठला व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिलाय, हे बहुधा व्हॉल्व्हमनलाच ठाऊक. त्याला शेजारी बसवूनच मॉडेल भरा. मग निवडक ठिकाणी प्रेशर गेज लावून खरा दाब मोजा आणि मॉडेलशी ताडून पाहा. निधी देणाऱ्याच्या तांत्रिक छाननीत आकडे मोजलेले की मानलेले, यावरच अडायला होतं.

विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये खर्चाची तुलना आणि आपोआप व्यास निवडणं मिळतं. लहान शहराला माझा सल्ला: तो परवान्याचा पैसा दाब नोंदवणाऱ्या लॉगरांवर आणि दोन-चार ठिकाणी खड्डे खणून पाइप बघण्यावर घाला.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो ‘अनडू’ नसल्याबद्दल. डिलीट झालेली टाकी परत येत नाही, तेव्हा फाइल अधूनमधून नव्या नावाने सेव्ह करत जा.