नेपाळच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवण्याचा अनुभव: वैशाख ते दसैं

काभ्रे जिल्ह्यातल्या डोंगरावर एका सामुदायिक, म्हणजे सरकारी अनुदानावरच्या शाळेत मी वैशाखात सत्र सुरू झाल्यापासून दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवलं. जावं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण एका अटीवर. तिथल्या शिक्षकांची जागा घ्यायला जाऊ नका, त्यांच्याबरोबर वर्गात उभं राहायला जा.

माझी सोय लावणाऱ्या संस्थेने सुरुवातीला पाचवी ते आठवीचे सगळे तास मला एकटीलाच दिले होते. इंग्रजीच्या सरांना त्या वेळेत दुसरे विषय. मुलं खूश होती. पण मी परतल्यावर ज्यांनी शिकवायचं तेच वर्गात नसतील, तर मागे शाळेत काय उरणार? मी हेडसरांशी बोलले, वेळापत्रक बदललं. मग प्रत्येक तासाला आम्ही दोघं असायचो, आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटली की पुढच्या आठवड्याचे पाठ बसून आखायचो. खरं काम तेव्हापासून सुरू झालं.

तिथे बऱ्याच घरांत तामाङ बोलतात. ही तिबेटी-ब्रह्मी कुळातली भाषा, नेपाळी वेगळ्या कुळातली, आणि त्यानंतर तिसरी इंग्रजी. पाचवीतलं मूल गप्प बसलं तर ते इंग्रजी शब्दाला अडलंय की नेपाळीतल्या सूचनेला, हे मला कळत नसे. सरांना नुसत्या चेहऱ्यावरून कळायचं. कितीही तयारी करून गेलात तरी ही जाण बाहेरून आणता येत नाही.

मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. लिपी देवनागरीच. वाक्यात क्रियापद शेवटी, आणि इंग्रजीतल्या 'अ', 'द'सारखी उपपदं नेपाळीतही नाहीत, त्यामुळे मुलं कुठे अडखळणार याचा अंदाज आधीच येतो. उच्चारांचं मात्र वेगळं. बोलताना नेपाळीत 'श'चा 'स' होतो, त्यामुळे 'शिप' आणि 'सिप' मुलांना ऐकायलाही सारखेच वाटत. म्हणून आम्ही म्हणायला लावण्याआधी ऐकायला शिकवलं: 'शिप' ऐकलं की डावा हात वर, 'सिप'ला उजवा. मागच्या बाकावरची, कधीच तोंड न उघडणारी मुलंही यात रमली. बोलण्याची भीती गेली ती इथून.

मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते इंग्रजी माध्यमाने. मुलं खासगी शाळांकडे (तिकडे त्यांना 'बोर्डिङ'च म्हणतात) वळू नयेत म्हणून अनेक सामुदायिक शाळांनी विज्ञान, सामाजिक अभ्यास इंग्रजीतून सुरू केलेत. पालकांची ओढ मला पूर्ण समजते. पोरांनी शिकून बाहेर पडावं असं कुणाला वाटत नाही? पण सातवीतली मुलगी प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणते आणि पानाला ऊन कशाला लागतं हे नेपाळीतही सांगू शकत नाही, तेव्हा तिचं नुकसान झालेलं असतं. नेपाळच्या 2015 च्या संविधानात कलम 31 मातृभाषेतून शिक्षणाचा हक्क देतं. परदेशी स्वयंसेवक आला की ओढा आणखी इंग्रजीकडे जातो. प्रवेशाच्या जाहिरातीत माझा फोटो टाकायचं निघालं तेव्हा मी नको म्हटलं. तुम्हीही म्हणा.

व्यवहाराचं थोडक्यात. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयांना व्हिसा लागत नाही. इतर देशांच्या नागरिकांना पर्यटक व्हिसावर बिनपगारी काम करायलाही मनाई आहे. संस्था याबद्दल गुळमुळीत बोलत असेल तर सावध व्हा. भारतीय 1 रुपयाचे 1.60 नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. आमची शाळा दहा ते चार असायची, रविवारीही, सुट्टी शनिवारी.

सोबत अनाथालयात 'मुलांना वेळ देण्याचा' कार्यक्रम जोडलेला असेल तर तो नाकारा. अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशासाठी मुलांना घरापासून दूर ठेवलं जातं.

संस्थेला पैसे भरण्याआधी एवढं विचारा: माझ्या तासाला शाळेतले कोणते शिक्षक वर्गात असतील, आणि मी गेल्यावर तो तास कोण घेणार? सरळ उत्तर मिळालं आणि पूर्ण सत्र देता येत असेल तर जरूर जा. हाताशी दोन-तीनच आठवडे असतील तर वर्ग घेऊ नका. त्या वेळात शिक्षकांबरोबर पाठ आखा, मुलांना ऐकवायला ध्वनिमुद्रणं करून द्या.