खवले मांजराच्या बिळापाशी लावलेला कॅमेरा
चिपळूणजवळच्या आमच्या काजूबागेत, वन विभागाला कळवून, खवले मांजराच्या बिळापासून अंतर राखून हा ट्रॅप कॅमेरा (समोर हालचाल होताच आपोआप चित्रण करणारा) बसवला. या निशाचर, बुजऱ्या प्राण्यासाठी डोळ्यांना न जाणवणारा इन्फ्रारेड प्रकाश आवश्यकच होता आणि तो उत्तम आहे. शेपटीच्या बुंध्यावर पिल्लाला घेऊन मादी निवांतपणे बाहेर पडताना स्पष्ट दिसली. मात्र चित्रण उशिरा सुरू होत असल्याने वाळवीचे वारूळ उकरण्याचा आरंभ हुकतो, हा मोठा दोष वाटतो. ठिकाण नोंदवण्याची सोय मी बंद ठेवली, कारण आपल्या नखांसारख्याच केराटिनच्या असलेल्या खवल्यांसाठी अजूनही शिकार होते आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत या प्राण्याला स्थान असूनही बिळाचा पत्ता उघड होणे त्या मायलेकरांच्या जिवावर बेतू शकते.