लकव्याच्या रुग्णासाठी वजनाची खुर्ची भाड्यानं आणावी का?

मिरजेत दवाखान्यांच्या आजूबाजूला सर्जिकलची दुकानं भरपूर. पलंग, हवेची गादी, व्हीलचेअर भाड्यानं नेणारे रोजचेच. वजनाची खुर्ची, म्हणजे रुग्णाला बसवून वजन दाखवणारी, मात्र सहसा कुणी मागत नाही. लकव्याचा रुग्ण घरी आणताना ती जरूर मागा.

झटक्यानंतर वजन उतरलं की घरचे खूश होतात, 'बरं झालं, शुगर-बीपी आटोक्यात येईल.' पण आपोआप उतरलेल्या वजनात स्नायूही झिजलेले असतात. गिळताना ठसका लागतो, एका हातानं जेवायचा कंटाळा येतो, ताट अर्धं परत जातं. मुळात हडकुळ्या रुग्णांची तब्येत सुधारायला जड जातं, त्यांच्यात मृत्यूही जास्त, हे वारंवार दिसलंय. जाड रुग्ण जास्त तगतात असंही बऱ्याच अभ्यासांत आढळलं होतं. पण डेन्मार्कमधल्या 70 हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींतून झटक्यामुळेच झालेले मृत्यू वेगळे काढले, तेव्हा हा फायदा दिसला नाही. त्यामुळे तूप-लोणी चारून वजन वाढवायच्या भानगडीत पडू नका, फक्त घसरू देऊ नका. तीन ते सहा महिन्यांत 5 टक्के घट, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 3 किलो गेले, की डॉक्टरांना कळवायचं. घट 10 टक्क्यांवर गेली तर थांबायचंच नाही.

खुर्ची निवडताना जिचे बाजूचे हात वर उचलता येतात अशी घ्या. पलंगावरून सरकवताना खुर्चीचा स्थिर हात आडवा येतो आणि रुग्णाला उचलावं लागतं. तिथंच पडापडी होते. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला लावायची, चारही ब्रेक आधी दाबायचे.

आकडा चुकतो तो बहुधा पायामुळे. लुळा पाय फूटरेस्टवरून घसरून जमिनीला टेकला की वजन कमी दिसतं. दोन्ही पाय वर आहेत ना, हे वाकून बघा. जुन्या शहाबादी फरशीवर खुर्ची डुगडुगते, तेव्हा सपाट जागा शोधा. लघवीची पिशवी रिकामी करून, दर आठवड्याला त्याच वेळी, तशाच कपड्यांत वजन घ्या. पायावर सूज असेल तर तीही लिहा, पाण्याचं वजन फसवतं.

दुकानातच तपासून घ्या: तांदळाचं 5 किलोचं सीलबंद पाकीट बैठकीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. कोपऱ्यागणिक आकडा बदलला तर ती खुर्ची नको.

काउंटरवर प्रोटीन पावडरचा डबाही पुढे केला जातो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, लकव्याच्या रुग्णांवरच्या 'फूड' नावाच्या मोठ्या चाचणीत बहुतेक रुग्ण खाऊन-पिऊन ठीक होते. त्यांना सरसकट पूरक आहार देऊन फायदा झाला नाही. वजन घसरतंय आणि आहारतज्ज्ञानं लिहून दिलंय, तरच घ्या. ठसका लागत असेल तर आधी गिळण्याची तपासणी.

नोंदवही दवाखान्याच्या फाईलला जोडून ठेवा. पुन्हा झटका आला तर गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेजचा डोस किलोमागे 0.9 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 90 मिलिग्रॅम असा वजनावरच ठरतो. त्या घाईत अंदाजापेक्षा लिहिलेला आकडा बरा.

आमच्याकडून खुर्चीला पाचपैकी चार गुण. एक कापला तो घरातल्या अरुंद दारांसाठी. नेण्याआधी दाराची रुंदी मोजा. खुर्ची मिळालीच नाही तर शिंप्याची टेप घ्या आणि चांगल्या हाताच्या दंडाचा घेर खांदा-कोपराच्या मध्यावर मोजा. 23.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 20 च्या आत, म्हणजे रुग्ण हडकुळा असण्याची शक्यता मोठी.