‘जरा म्हणजे किती?’ : शॉपफ्लोअरवर क्यूआर कोड आणि मोबाईल व्हिडिओ, आठ महिने वापरल्यावर

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आमचं मशीनिंगचं, म्हणजे मशीनवर धातू कापून सुटे भाग करायचं, युनिट आहे. नऊ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तशीच चालणारी मिलिंग मशीनं), दोन्ही शिफ्ट मिळून पस्तीस माणसं. मी प्रॉडक्शन बघतो. अनुभवी कारागिराच्या हातातलं काम मोबाईलवर घेऊन ते मशीनपाशीच बघता येईल अशी सोय आम्ही आठ महिन्यांपूर्वी सुरू केली. आमच्यासारख्या छोट्या युनिटमध्ये कुणी हे करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्यामागे सुटे भाग करणारी कितीतरी युनिटं इथं उभी राहिली. गंगापूर, पैठण, वैजापूरकडची पोरं आयटीआय करून लागली, साध्या लेथवर घडली, मग सीएनसीवर आली. ती पिढी आता रिटायर होतेय. आमचे सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे), ज्यांना सगळं युनिट मामा म्हणतं, त्यातलेच. त्यांची जागा घेणारी ॲप्रेंटिस पोरं वर्षभरासाठी येतात आणि हात बसला न बसला तोच मुदत संपते. मामांची रिटायरमेंट वर्षावर आली तेव्हा मला रात्री झोप लागेना. चोवीस वर्षांत त्यांनी कोणत्या मशीनची कोणती खोड कशी सांभाळली, यातलं काहीही कुठं लिहिलेलं नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही तयार ऑनलाइन कोर्स घेतला. माणशी वर्षाचे पैसे, इंग्रजी व्हिडिओ, शेवटी प्रश्न आणि सर्टिफिकेट. पोरांनी पटापट ‘पुढे’ दाबून सर्टिफिकेटं मिळवली. त्यात शिकवलेलं चुकीचं नव्हतं, पण आमच्या चार नंबरच्या मशीनला सकाळी पहिले अर्धा तास साइज का पळते, हे त्यात कुठून असणार? निम्म्या लोकांना पासवर्डही आठवत नव्हता. तीन महिन्यांत सोडून दिलं.

मग सगळ्यांचा चॅट ग्रुप. याला मी नावं ठेवणार नाही, कारण लोक बोलते झाले ते तिथंच. अलार्मचा फोटो यायचा, खाली मामांचा व्हॉइस मेसेज, दहा मिनिटांत मशीन चालू. पण तोच अलार्म दोन महिन्यांनी आला की जुना मेसेज सापडायचा नाही. वाढदिवस, सण, शिफ्ट बदल, सगळं त्याच्यावर येऊन बसलेलं. एकाला मिळालेलं उत्तर दुसऱ्याच्या कामाला आलं नाही तर ते साठवलं असं म्हणता येत नाही.

आता चालू आहे ते असं. दीड-दोन मिनिटांचे व्हिडिओ मोबाईलवर घ्यायचे, क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये टाकायचे. एका ऑनलाइन शीटमध्ये मशीन, अडचण, व्हिडिओची लिंक आणि सांगणाऱ्याचं नाव. प्रत्येक मशीनवर एक क्यूआर कोड. शॉपमध्ये दोन टॅब ठेवलेत, कोड स्कॅन केला की त्या मशीनची यादी उघडते.

पहिल्या व्हिडिओची हकिकत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून ठरलं. पातळ भिंतीचा एक बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ भाग, आमच्याकडं नेहमी असतो. चकमध्ये (मशीनच्या पकडीत) असेपर्यंत त्याच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, गो गेज (माप तपासायचा दांडा) सरळ जातो, जॉब म्हणजे तो भाग बाहेर काढला की अडकतो. चकच्या तीन जॉनी (जबड्यांनी) दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि दाब सुटला की भिंत मूळ जागी येते, त्यामुळं गोलाई जाते. मामांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, ‘‘फिनिशच्या सेटअपला प्रेशर जरा कमी करायचं बगा, मग येतंय बरोबर.’’ मी शूटिंग थांबवणारच होतो. जालन्याची एक ॲप्रेंटिस मुलगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, ‘‘मामा, जरा म्हणजे किती?’’

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग मशीनच्या मागं गेले, नॉबला हात लावला आणि नेहमीच्या सवयीनं फिरवला. आम्ही गेज बघितला. काटा 18 वरून 10 वर आला होता. इतक्या वर्षांत मामांनी हा आकडा कधी वाचलाच नव्हता, नॉब किती फिरवायचा ते मनगटाला माहीत होतं. काटा बघत बघतच ते पुढं म्हणाले, ‘‘अन् प्रेशर कमी केलं की आरपीएम पण उतरवायचा. जोरात फिरताना जॉ बाहेर ओढतात, पकड ढिली होती, जॉब निसटंल. सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कापून घेतलेले मऊ जबडे) ज्या प्रेशरला बोअर केलेत त्याच प्रेशरला जॉब धरायचा.’’ यातलं एक अक्षर आमच्या सेटअप शीटवर नव्हतं. आरपीएमची गोष्ट तर थेट माणसाच्या जिवाशी आहे.

तेव्हापासून नियम केला. व्हिडिओ घेताना अनुभवी माणसाबरोबर एक नवखा असलाच पाहिजे, आणि त्यानं ‘जरा’, ‘थोडं’, ‘अंदाजानं’ हे शब्द ऐकले की तिथंच विचारायचं. सगळं माहीत असलेला माणूस एकटाच कॅमेऱ्यापुढं उभा केला की तो उघड दिसणाऱ्या गोष्टी सांगतो आणि नेमकी मेख राहून जाते.

नावांचंही तसंच. सुरुवातीला मी व्हिडिओंना ‘चक प्रेशर सेटिंग’ असली नावं दिली होती. कुणी उघडेना. ज्याला कारण माहीत आहे तोच या नावानं शोधणार, आणि त्याला व्हिडिओची गरजच नाही. आता नाव अडचणीवरून असतं : ‘बाहेर काढल्यावर गो गेज जात नाही’, ‘फेसवर रेघा येतात’, ‘पार्टिंगला (जॉब कापून वेगळा करताना) आवाज येतोय’. वापर वाढला तो या एका बदलानंतर.

क्यूआर कोडबद्दल मला खरंच आदर वाटू लागलाय. तो जन्मला कारखान्यातच. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तो बनवला. कोड मळला, थोडा फाटला तरी वाचता यावा ही सोय त्यात पहिल्यापासून आहे. चार पातळ्या असतात आणि सगळ्यात वरच्या पातळीला जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतो. कोड बनवताना ही पातळी निवडा आणि लॅमिनेशन करा. आमच्याकडं कुलंट (कापताना थंड ठेवणारं द्रव) आणि तेलाचे हात लागून पांढरे स्टिकर पिवळे पडलेत, तरी स्कॅन होतात.

एक चूक मात्र महागात पडली. सुरुवातीला प्रत्येक व्हिडिओचा वेगळा कोड छापला होता. फोल्डर हलवला, लिंक बदलल्या आणि चाळीसेक स्टिकर वाया गेले. कोडमागं मशीनचं यादीपान ठेवायचं, व्हिडिओ त्या यादीत बदलत राहायचे.

आता माणसांचं, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचंय. महिनाभर मामा टाळत होते. एकदा चहाला म्हणाले, ‘‘साहेब, माझं सगळं त्या डबीत भरून घेतलं तर मला कोण विचारायलंय?’’ त्यांची भीती खरी होती. मालकांशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या : शूटिंग ड्युटीच्या वेळेतच होईल, आणि प्रत्येक व्हिडिओवर सांगणाऱ्याचं नाव राहील. टॅबवर आपलं नाव दिसायला लागलं तसे मामा स्वतःहून विषय सुचवू लागले. आणखी दोन सेटर पुढं आले. एकदा रिजेक्शन झाल्यावर एका सुपरवायझरनं ‘व्हिडिओ होता ना, मग बघितला काहून नाहीस?’ म्हणून एका पोराला सगळ्यांदेखत झापलं. पुढचे पंधरा दिवस टॅबला कुणी हात लावला नाही. जो बघायला जाईल त्याला येत नाही असा अर्थ निघायला लागला होता. त्या सुपरवायझरशी मी बोललो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः सगळ्यांसमोर टॅब उघडून बघू लागला. तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

अडचणी अजून आहेत. मशीनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. कॉलर माइकनं थोडा फरक पडला, पण आम्ही आता हात आणि गेजचा काटा जवळून घेतो आणि आकडे पडद्यावर लिहितो. हेल्परमध्ये बिहार-युपीची पोरं बरीच आहेत, त्यांनाही हेच बरं पडतं. बोलून टाइप करायची सोय वापरून बघितली, पण आमच्या ‘करायलाय’, ‘होईनासंय’चं ती भलतंच काहीतरी लिहिते, म्हणून हातानं लिहितो. तिसऱ्या बेमध्ये (शेडच्या भागात) वायफाय पोचत नाही, तिथल्या टॅबवर व्हिडिओ उतरवून ठेवावे लागतात आणि नवा आला की आठवणीनं टाकावा लागतो. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग फ्रेममध्ये येऊ नये याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या, मशीनवर चिकटवलेली शीट नजरचुकीनं येतेच.

साठेक व्हिडिओ झालेत आणि त्यातले वीसेकच पुन्हापुन्हा बघितले जातात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अर्धा तास बसून जुने काढून टाकतो. टूल बदललं, इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याचा) ग्रेड बदलला की जुना व्हिडिओ चुकीचं शिकवतो, म्हणून हा अर्धा तास मी कधीच सोडत नाही.

खर्च म्हणाल तर दोन टॅब, एक माइक, लॅमिनेशन आणि आठवड्याला दोन-तीन तास. यातले तास काढणंच अवघड. मालकांनी ते मंजूर केले नसते तर हे दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं असतं.

मामा गेल्या महिन्यात रिटायर झाले. त्याच आठवड्यात बुशचं काम नव्या मशीनवर गेलं. तिथला चक वेगळा, 10 चा आकडा तिथं लागू नाही. जालन्याच्या त्या मुलीनं आठ जॉब करून प्रेशर ठरवलं आणि व्हिडिओसाठी मला बोलावलं. शेजारी नवखा म्हणून उभा केलेला पोरगा चारच दिवसांपूर्वी लागलेला. ती सांगत असताना त्यानं मधेच विचारलं, ‘‘ताई, हळू म्हणजे किती आरपीएम?’’